काढलेली रेष

गावठाणातल्या बाय स्वतःच्या अंगावर पाणी मोजायच्या. प्रत्येक घराच्या उंबऱ्यात त्या ताठ उभ्या राहत, मागच्या पावसाळ्यात पाणी कुठवर चढलं ते घरच्यांना विचारत, भिंतीवरचा डाग बघत आणि आपल्या अंगावर हात ठेवून सांगत, "गुडघ्याखाली चार बोटं, लिही." मी लिहायचो. पुढचं घर. "कोपराला टेकलं, लिही."

पहिल्या दिवशी मला गंमत वाटली. मी आयुष्यभर ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली. आर्किटेक्टच्या ऑफिसात बसून इमारतींचे नकाशे काढले, आधी शाईने, मग कॉम्प्युटरवर. एक बाई अंगावर पाणी मोजते आणि आपण ते वहीत उतरवतोय, हे ऑफिसात कुणाला सांगितलं असतं तर हसले असते. दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्ली झोपलेली असताना, मी स्टीलची टेप घेऊन गेलो आणि सगळ्या खुणा पुन्हा मोजल्या. चौदा दारांपैकी एकाच ठिकाणी दोन बोटांचा फरक आला. ते दार परत मोजलं, तर चूक माझी निघाली. टेपचं टोक फरशीच्या फटीत गेलं होतं.

हे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं.

"म्हंजे तू माझा पेपर तपासत होतास होय रं?"

"तसं नाही, बाय."

"तसंच हाय. तपास की. माझा गुडघा काय पावसाळ्यात वर नि उन्हाळ्यात खाली जात नाय."

बाय सत्तरीच्या आसपासच्या. ठेंगण्या, रुंद हाडाच्या, गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या. त्यांचा एकेकाळी पाण्याच्या काठाला मळा होता. लाल माठ, मुळा, भेंडी टोपलीत घालून त्या अंधेरी स्टेशनबाहेर विकायला बसायच्या. मळा गेला, त्या जागी काचेचं ऑफिस आलं, मग त्यांनी एका शाळेत आया म्हणून काम केलं. अख्खी गल्ली त्यांना बाय म्हणते, म्हणून आमची सोसायटीही म्हणते.

ज्याबद्दल हे सगळं चाललं होतं, तो प्रवाह पवईकडच्या टेकड्यांवरून उतरतो, मोठ्या रस्त्याखालून येतो, हॉटेलांच्या मागच्या बाजूने, ऑफिसांच्या जनरेटरांजवळून वाहत वळण घेतो आणि त्या वळणावर एका बाजूला गावठाण आहे. रिक्षावाल्यांपासून कागदांपर्यंत सगळे त्याला नाला म्हणतात. माझे वडील कोकणातले, गिरणी बंद पडल्यावर शेवटची वर्षं माझ्याकडे राहिले. ते त्याला व्हाळ म्हणायचे. गावठाणातली जुनी माणसं नुसतं 'पाणी' म्हणतात. आणि त्या पाण्याला एक धाकटा भाऊ होता असं सांगतात. वळणाच्या अलीकडे मुख्य प्रवाहातून एक हात फुटायचा, गावठाणाच्या मागून वळसा घालायचा आणि खाली रस्त्याखालच्या मोरीजवळ पुन्हा येऊन मिळायचा. उन्हाळ्यात तो कोरडा पडे, पोरं त्यात खेळत. पावसाळ्यात मोठ्या पाण्याचा निम्मा भार तो उचलायचा. त्याला ते 'धाकटं पाणी' म्हणत. त्या हाताच्या जागेवर आज आमची सोसायटी आहे.

दोन वर्षांपूर्वी नाल्याच्या रुंदीकरणाचा पालिकेचा पहिला आराखडा आला. पाणी गावठाणात भरतं, तेव्हा तिथेच पात्र रुंद करायचं, असं साधं गणित होतं. त्यात सात घरांची अंगणं जाणार होती, पाण्याकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या जाणार होत्या आणि ज्याच्यापुढे मे महिन्यात संध्याकाळी प्रार्थना म्हणतात तो जुना क्रूस. पहिलं अंगण बायचं. अंगण गेलं की मागे उरणाऱ्या दीड खोलीत सून, नातवंडं आणि त्या मावणार नव्हत्या, हे त्यांनी स्वतःच सांगितलं, रडगाणं म्हणून नाही, माप म्हणून. वॉर्डातली जी तरुण इंजिनिअर मुलगी पाहणीला यायची, ती मनाने चांगली होती. ती म्हणाली, "बाय, तुम्ही लोकांनी मिळून दुसरा प्लॅन दिलात तर मी तो वर ठेवू शकते. पण तोंडी नको. कागदावर द्या."

बाय त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीत आल्या. "तुमच्यात कोण नकाशे काढणारा हाय म्हणं?"

माझ्या बायकोने दारातूनच सांगितलं, "आमचे हे काढतात ना."

अशी माझी नेमणूक झाली. मी नाही म्हणू शकलो नाही. त्याचं कारण आता लिहितो. ते मी तीस वर्षांत कुणापाशी बोललो नव्हतो, बायकोपाशीसुद्धा नाही.

आमच्या सोसायटीचा मूळ नकाशा माझ्या हातचा आहे. तेव्हा मी विशीतला होतो, एका लहान ऑफिसात नुकताच लागलेला. सर्व्हेअरकडून आलेल्या शीटवर धाकटं पाणी स्पष्ट दाखवलेलं होतं आणि मीही ते ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवलं होतं. ती रेष तिथे असती तर दोन्ही अंगांना मोकळी जागा सोडावी लागली असती आणि इमारतीची एक विंग बसली नसती. साहेब माझ्या टेबलाशी आले, रेषेवर पेन्सिलीचं टोक ठेवलं आणि म्हणाले, "हे असंच राहणार का?" एवढंच. मग चहाला गेले.

ट्रेसिंगवरची शाई रबराने जात नाही. ब्लेड मोडून अर्धं करायचं, कागद फाटणार नाही इतक्या हलक्या हाताने शाई खरवडायची आणि मग त्या जागी अंगठ्याचं नख घासायचं, म्हणजे उठलेले तंतू बसतात आणि वरून नवी रेष मारली तर फुटत नाही. हे मला ऑफिसात सगळ्यांत चांगलं जमायचं. साहेब चहा पिऊन येईपर्यंत धाकटं पाणी गेलं होतं आणि त्याची वाट अडवून कंपाउंडची भिंत जात होती. साहेबांनी बघितलं आणि शीट मंजुरीच्या गठ्ठ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून मला अवघड शीटं मिळायला लागली.

पुढे वर्षानुवर्षं मी मनात म्हणत आलो की मला तसं सांगितलं होतं. सांगितलं नव्हतं. विचारलं होतं. 'हो साहेब, असंच राहील, सर्व्हेत आहे' असं मी म्हणू शकत होतो, फार तर ओरडा बसला असता. साहेब आता हयात नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे आणि म्हणूनच ते करायचं नाही.

लग्नानंतर त्याच इमारतीत घर मिळालं, साहेबांच्या ओळखीने. नको म्हणायला तोंड नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मनही नव्हतं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बायची गल्ली सरळ खाली दिसते. दर पावसाळ्यात, जोराची सर तीन-चार तास टिकली की पाणी आमच्या कंपाउंडच्या भिंतीला मागून थटायचं, पुढे वाट नाही म्हणून फिरायचं आणि गावठाणाच्या परसदारांनी आत शिरायचं. बायको खिचडीचं पातेलं घेऊन खाली जायची. मी गॅलरीची काच लावून घ्यायचो. गावठाणातली म्हातारी माणसं सोसायटीच्या लोकांना, साहेब लोकांना, पाहणीला आलेल्या प्रत्येकाला सांगत की इथून धाकटं पाणी जायचं. त्यांना एकच उत्तर मिळायचं: कागदावर दाखवा.

तर अशा माणसाला बायने प्लॅन काढायला बोलावलं.

प्लॅन काढण्याची त्यांची पद्धत मी जन्मात कुठे पाहिली नव्हती. त्यांनी घरातली डबल बेडची पांढरी चादर अंगणात अंथरली, चार कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे ठेवले आणि चपला काढून तिच्यावर बसल्या. माप त्यांचंच: चादरीवरची एक वीत म्हणजे जमिनीवरची वीस पावलं. पावलं त्यांची, वीतही त्यांची. पाणी कपड्याच्या निळीने काढलं, घरं गेरूने, भिंती कोळशाने. मोठं पाणी काढून झाल्यावर त्यांनी बोट परत निळीत बुडवलं आणि आमच्या सोसायटीतून धाकटं पाणी ओढलं, न थांबता, जसं कुणी आपल्या घरातल्या माणसाचं नाव सांगावं. मी बाजूला उकिडवा बसलो होतो. रेष जवळपास बरोबर होती. एका जागी जरा डावीकडे सरकली होती, ते मला कळलं आणि मी गप्प राहिलो.

मग त्यांनी सगळ्यांना बोलावलं. गावठाण, आमची सोसायटी, पलीकडच्या चाळीतले. प्रत्येकाने एकच वस्तू चादरीवर ठेवायची. झाड हवं असेल तिथे चिंचोका, बसायला जागा हवी तिथे बटण, कचरा अडवायची जाळी हवी तिथे बाटलीचं झाकण, पाण्यात उतरायला पायरी हवी तिथे शिंपला. ठेवताना कारण सांगायचं. आणि नियम एकच: दुसऱ्याने ठेवलेलं उचलायचं नाही. उचलायचंच असेल तर त्याच्या घरी जाऊन, त्याचा चहा पिऊन, त्याला विचारून उचलायचं.

हा नियम ऐकून मला वाटलं, वाट लागली. इथे कुणाचं कुणाशी पटत नाही. पण तीन आठवडे अंधेरीतले लोक एकमेकांच्या घरी चहा पीत होते. सोसायटीच्या चौथ्या मजल्यावरच्या आजी एका बटणासाठी पहिल्यांदा चाळीत गेल्या आणि परत येताना तिथून कढीपत्त्याचं रोप घेऊन आल्या. आमच्या सेक्रेटरींनी काडेपेटी आणून नेमकी निळीवर ठेवली. म्हणाले, पाण्यावर स्लॅब टाकून पार्किंग.

बायने काडेपेटीकडे बघितलं, सेक्रेटरींकडे बघितलं. "तुझी गाडी पोहते का रं?"

सेक्रेटरीसुद्धा हसले. पण काडेपेटी त्यांनी उचलली नाही आणि बायनेही उचलली नाही. त्यांच्या घरी चहाला गेल्या. दोनदा. तिसऱ्या वेळी सेक्रेटरी स्वतः येऊन काडेपेटी घेऊन गेले आणि त्या जागी चिंचोका ठेवला. "करंज लावा," म्हणाले, "आमच्या गावी ओढ्याला करंजच असतात."

मी आयुष्यभर असे नकाशे काढले ज्यांत राहणाऱ्या माणसाला कधी कुणी विचारलं नाही. इथे प्रत्येक चिंचोक्यामागे एक माणूस आणि एक कारण होतं आणि बायला सगळी तोंडपाठ होती. इंजिनिअर मुलगी चादर बघायला आली तेव्हा ती चपला काढून गुडघ्यांवर बसली आणि एकेका वस्तूमागचं कारण बायला विचारत गेली.

मग तिने निळीच्या धाकट्या रेषेवर बोट ठेवलं. "बाय, हे खरं असेल तर सगळाच प्रश्न सुटतो. हा हात सोसायटीच्या मोकळ्या जागेतून, भिंतीलगत उघडता येईल. तुमच्या अंगणांना हात लावायची गरजच नाही. पण मी सगळे नकाशे बघितले. सोसायटीच्या मंजूर प्लॅनपासून पुढे एकातही हे नाही. त्याआधीची शीटं सापडत नाहीत. मी वर काय दाखवू?"

"आमी सांगतो ना," बाय म्हणाल्या. "आमी पायलंय."

"तुम्ही सांगता, मला पटतं. पण वर नाही पटणार."

"दारांचं माप बघ मग." बायने मला वही उघडायला लावली. प्रत्येक घराचं पुढच्या दाराचं आणि मागच्या दाराचं माप शेजारी शेजारी होतं, आणि मागचं प्रत्येक वेळी जास्त. "पुढून येतं ते पाणी पाव्हणं, संध्याकाळी जातं. मागून येतं तो भाडेकरू. चार दिस हलत नाय. मागं वाट असल्याबिगर मागून कशाला येईल?"

मुलीने मापं उतरवून घेतली. ती हुशार होती, तिला तर्क दिसत होता. पण तर्काच्या जोरावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये खड्डा खणता येत नाही. ती मला म्हणाली, "काका, रविवारच्या सभेसाठी चादरीचं नीट शीट करून द्याल? बघू, काय होतं."

शीट मी घरी तीन संध्याकाळी केलं. सगळं चादरीप्रमाणे. फक्त धाकटं पाणी मी चादरीप्रमाणे काढलं नाही, आठवणीप्रमाणे काढलं. कंपाउंडच्या भिंतीपासूनचं अंतर, वळणाचा कोन, मोरीशी मिळण्याची जागा. तीस वर्षांपूर्वी खरवडलेल्या रेषेचा प्रत्येक बाक माझ्या हाताला अजून माहीत होता. हे बघून मला आनंद झाला नाही.

सभा शाळेच्या हॉलमध्ये, सकाळच्या मिस्सानंतर. गावठाणातले लोक चर्चमधून तसेच चांगल्या कपड्यांत आले होते. पुढच्या रांगेत बाय, मागे आमची सोसायटी, माझी बायकोही होती. इंजिनिअर मुलीने शीट भिंतीवर लावलं आणि धाकट्या पाण्यापाशी थांबली.

"काका, ही रेष तर अंतरांसकट आहे. चादरीवर इतकी नेमकी नव्हती. कुठून आली?"

मी उठलो. घरून ठरवून आलो होतो, वाक्य पाठ केलं होतं. ते मी म्हटलं.

"ती रेष मी काढली."

गावठाणातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "झकास, काका." एका बाईंनी मागून माझ्या पाठीवर थोपटलं. मी काय बोललो आणि त्यांनी काय ऐकलं, हे मला तेव्हा कळलं. आपल्या भाषेत चित्र काढतात आणि काटाही काढतात. मी म्हटलं होतं रेष काढून टाकली. त्यांनी ऐकलं, रेष आखली. तीस वर्षं नकाशे 'काढणाऱ्या' माणसाच्या तोंडून दुसरं काय ऐकणार?

आणि मी खाली बसलो. ही गोष्ट मूळ गोष्टीपेक्षा मला जास्त लागते. मी बसलो. पाठीवरचा हात मला बरा वाटला. मनात आलं, सांगितलं तर आहे, ऐकणाऱ्याने काय ऐकावं हा त्याचा प्रश्न.

तेवढ्यात आमचे सेक्रेटरी उठले. माणूस वाईट नाही, पण पार्किंगचा विषय होता. "मॅडम, नोंद घ्या. आमच्याच मेंबरने सर्वांसमोर सांगितलंय की रेष त्याने काढली. बरोबर ना? म्हणजे आधी कुठल्याही कागदावर ती नव्हती. चांगला ड्राफ्ट्समन आहे, छान काढली, पण ही कल्पना झाली. कल्पनेवर आमचं कंपाउंड खणायला आम्ही परवानगी देणार नाही."

इंजिनिअर मुलीने माझ्याकडे बघितलं. तिचं तोंड उतरलं होतं. "काका, कशावरून काढलीत?"

टाळ्या वाजवणारे हात मांडीवर गेले. म्हाताऱ्या माणसांच्या सांगण्याला जो थोडाफार आधार होता, तोही आता माझ्या एका वाक्याने गेला होता. सात अंगणं माझ्यामुळे दुसऱ्यांदा जात होती, आणि या वेळी मी ब्लेडसुद्धा हातात धरलं नव्हतं.

बाय वळल्या नाहीत. पुढे बघतच त्यांनी विचारलं, "काढली म्हंजे काय रं? मांडली का पुसली?"

त्यांना कसं कळलं, हे मी अजून विचारलेलं नाही. कदाचित कळलं नसेलही. त्या कुठलीही गोष्ट दोन्ही दारांनी मोजायच्या.

"पुसली गेली," मी म्हणालो.

"आपोआप?"

मी परत उठलो. "मी पुसली. खरवडली. सोसायटीचा प्लॅन मी काढलाय. सर्व्हेच्या शीटवर धाकटं पाणी होतं. आधी मी ते उतरवलं होतं, नंतर ब्लेडने खरवडलं आणि वरून भिंत मारली. कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांना बरं वाटावं म्हणून केलं. बाय सांगतात ते सगळं खरं आहे. मला तेव्हापासून माहीत आहे."

सेक्रेटरी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अरे यार, तू काय बोलतोयस कळतंय का तुला? तू आपला माणूस ना?" गावठाणातल्या एका माणसाने, ज्याची आई त्या परसदारच्या पाण्यात घसरून पडली होती आणि नंतर नीट चालली नाही, माझ्याकडे एकदा बघितलं आणि तो बाहेर निघून गेला. तो आजही माझ्याशी बोलत नाही. त्याने बोलावं असं मला वाटतं, पण त्याच्याकडे ते मागण्याचा मला हक्क नाही.

मी वाट बघत होतो की बाय आता काय म्हणतील. त्या उठल्या, शिक्षकाच्या टेबलावरचा खडू घेतला आणि माझ्या हातात दिला.

"चल. जमिनीवर दाखव."

सगळी सभा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आली. मी भिंतीपासून पावलं मोजली आणि गाड्यांच्या मधून खडूने रेष ओढत गेलो. बाय माझ्या शेजारून चालत होत्या. एका ठिकाणी म्हणाल्या, "इथं मी डावीकडं दाखवलं होतं."

"हो."

"तुला तवाच ठाव होतं."

"हो."

"पुढं चल."

इंजिनिअर मुलीने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून माझ्याकडून सगळं लिहून घेतलं. मी तिला म्हटलं, 'काढली' लिहू नका, 'खरवडली' लिहा. तिने तसंच लिहिलं आणि मी सही केली.

घरी आल्यावर बायकोने आधी गॅलरीची काच उघडली. मग म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्हाला पावसाची भीती वाटते. म्हणून काच लावता." आणि स्वयंपाकघरात गेली. ते सोडवायला आम्हाला नंतर बरेच दिवस लागले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सोसायटीने परवानगी द्यायला दीड महिना लावला. ती माझ्या कबुलीमुळे मिळाली असं मला म्हणता येणार नाही. बाय परत चहाला गेल्या, या वेळी एकेका मजल्यावर, आणि बरोबर मापांची वही नेली. घराघरांत जाऊन त्यांनी फक्त आकडे वाचून दाखवले. शिव्या नाहीत, शाप नाहीत. "हे आमचं मागचं दार. हे पुढचं. बस." चौथ्या मजल्यावरच्या आजींनी सही केली, मग एकेक करून बाकीच्यांनी. सेक्रेटरींनी सर्वांत शेवटी केली. पण केली. आता जाळी कुठे बसवायची आणि करंज किती अंतरावर लावायचे यावर तेच सर्वांत जास्त वाद घालतात.

खड्डा माझ्या खडूच्या रेषेवर घेतला. वर भराव, विटांचे तुकडे, डेब्रिज. मग बायच्या कमरेइतकं खोल गेल्यावर काळी, गुळगुळीत माती लागली, तिच्यात गोल दगड आणि बारीक शिंपले. दुपारपर्यंत तळाला पाणी झिरपून आलं. गावठाणातली सगळी माणसं कडेला उभी होती. बायने मूठभर माती मागितली, हातावर घेऊन वास घेतला आणि शेजारच्या म्हातारीकडे दिली. तिनेही वास घेतला. ज्या गोष्टीसाठी त्यांना इतकी वर्षं लोक खोटं पाडत होते, ती त्यांच्या तळहातावर होती, आणि त्यांना कुणाकडे 'बघा' म्हणूनही दाखवावंसं वाटलं नाही. एवढा मोठेपणा मी फार कमी माणसांत पाहिलाय.

आता लोकांचा आराखडा मान्य झालाय. धाकटं पाणी आमच्या भिंतीलगत उघडं होणार, तळ दगडांचा, सिमेंटचा नाही. पार्किंगच्या नऊ जागा जाणार, त्यातली एक माझी. पायऱ्या आणि क्रूस जागेवर राहणार. सातही अंगणं रुंदीकरणातून वगळल्याचं पत्र आलं तेव्हा इंजिनिअर मुलगी ते घेऊन स्वतः आली. बायने ते सुनेकडून दोनदा वाचून घेतलं, घडी घातली आणि मापांच्या वहीत ठेवलं.

काम सुरू झालंय. मी रोज संध्याकाळी तिथे जातो, खणलेल्या जागेची पातळी शीटशी ताडून बघतो. परवा बाय अंगणात भाजी निवडत बसल्या होत्या. मी कट्ट्यावर टेकलो. बरेच महिने मनात होतं ते विचारलं.

"बाय, तुम्ही मला एका शब्दाने काही बोलला नाहीत."

त्यांनी माठाची जून देठं वेगळी केली. "बोलणार हाय ना."

"कधी?"

"हा पावसाळा जाऊ दे. मागच्या दारात उभी राहीन, बघीन कुठवर येतं. मग काय बोलायचं ते बोलेन." त्यांनी निवडलेली भाजी टोपात टाकली. "तवर उतार बघ नीट. तिकडं मोरीपाशी मना जरा चढ वाटतो."

मी टेप घेऊन मोरीपाशी गेलो. चढ होता. दोन बोटं.